उंबर आणि उंबरा

वाडा उतरवायला घेतला त्या आठवड्यात मी रोज सकाळी जुन्या नाशकात जात होते. काम काहीच नव्हतं. व्यवहार भावाने केला होता, कागद केव्हाच झाले होते. पण घरी बसवेना. भद्रकालीच्या पुढच्या अरुंद बोळात स्कूटर लावायची, समोरच्या ओट्यावर टेकायचं आणि कौलं, वासे, कडीपाट, तुळया असा वाडा वरून खाली येताना बघत राहायचं. बांधताना जे सगळ्यात आधी बसतं ते उतरवताना सगळ्यात शेवटी निघतं. आमच्याकडे ते म्हणजे पुढच्या दाराचा उंबरा.

पाचव्या दिवशी दाराच्या फळ्या गेल्या, मग चौकटीच्या दोन उभ्या, मग गणेशपट्टी. उंबरा तेवढा दगडी पायरीवर एकटाच आडवा पडलेला. साडेचार फूट लांब, वीतभर रुंद, मधोमध जुन्या पाट्यासारखा खोलगट झालेला. उजव्या टोकाला घोड्याची नाल ठोकलेली. वरच्या अंगाला हळद, कुंकू आणि तेल यांचं कित्येक दिवाळ्यांचं काळपट कवच, इतकं जाड की नखाने उचलून निघालं असतं. मी उचललं नाही.

‘हा मला हवाय,’ मी म्हटलं.

लाकूड वेगळं काढायला आलेले सुतारमामा हसले. साठीच्या पुढचे, सिन्नरकडचे. ‘न्या की ताई. पण करणार काय त्याचं?’

‘उंबराचा आहे ना. दत्ताचं झाड. म्हणून तर उंबरा म्हणतात.’

हे मला आजीने सांगितलेलं. उंबऱ्यात उंबराचं लाकूड असतं, म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही, शिंकायचं नाही. पन्नास वर्षं मी ते धरून होते. मामांनी काही न बोलता पटाशी घेतली, उंबऱ्याच्या खालच्या कोपऱ्याची एक ढलपी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ‘वास घ्या.’

घेतला. शाळेच्या जुन्या बाकाचा वास. तेलकट, थोडा कडवट.

‘साग हाये. उंबराचा असता तर तुमच्या पणजोबांनीच तीनदा बदलला असता. उंबर पोचट लाकूड. ऊन-पाऊस खाल्ला की गेलं. ते फक्त पाण्यात टिकतं. पूर्वी विहिरीत घालायचे, तळाच्या चौकटीला.’

वाडा गेला त्याचं दुःख मी महिनाभर आधीच करून घेतलं होतं. ही ढलपी मात्र अनपेक्षित होती.

मी भाषेची कोणी तज्ज्ञ नाही. बँकेत होते, आता निवृत्त आहे, आणि जिथे इतर लोक भिशी लावतात तिथे मी कोश चाळते. तेव्हा पुढचे काही दिवस सार्वजनिक वाचनालयात गेले. १८४० सालची संस्था आहे ती, नाशिककर तिला नुसतं ‘सावाना’ म्हणतात. उंबराचा आणि उंबऱ्याचा संबंध आहे की आजीने मारलेली थाप, एवढंच बघायचं होतं.

थाप नव्हती. निदान ती आजीची नव्हती. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हा शब्द दोन वेगळ्या वेषांत भेटतो. वास्तुविद्येच्या प्रकरणात दाराची मापं दिली आहेत. दार जितके हात उंच, तितकी अंगुळं जाडी दोन्ही शाखांना द्यावी, आणि त्याच्या दीडपट दोन्ही उदुंबरांना. शाखा म्हणजे चौकटीच्या उभ्या. उदुंबर म्हणजे आडव्या, एक पायाखाली, एक डोक्यावर. मी ते वाक्य दोनदा वाचलं. शाखा आणि उदुंबर! माणूस घरात शिरतो तो जणू झाडातून वाट काढून. त्याच ग्रंथात पुढे जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं याचं प्रकरण आहे, आणि तिथे उदुंबर हे सरळ झाड आहे, ज्याच्या आसपास पाण्याची शीर सापडते असं. एकाच माणसाने एकाच ग्रंथात एक शब्द दाराला आणि झाडाला वापरला आणि त्याला त्यात खुलासा करण्यासारखं काही वाटलं नाही.

पाण्याचं मला नवीन नव्हतं. दिंडोरीकडे मामाची द्राक्षबाग आहे. बोअर घ्यायचं ठरलं की पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरतो. माझा मामा त्याच्या नारळाकडे बघायचाच नाही. बांधावरच्या उंबराकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘त्याला फिरू दे, पैसे घेतलेत त्याने. बोअर तिथंच होणार.’ झालंही तिथंच. (लागलेलं पाणी दोन उन्हाळ्यांत आटलं, ती गोष्ट निराळी. त्यात उंबराचा काही दोष नाही.)

देवळांच्या शिल्पशास्त्रात तर उंबरठ्याला आजही ‘उदुंबर’च म्हणतात. गाभाऱ्याच्या दारावरची आडवी पट्टी ती उत्तरंग, बाजूच्या त्या द्वारशाखा, आणि खालचा तो उदुंबर. सिन्नरच्या गोंदेश्वराला आम्ही लहानपणी सहलीला जायचो. यादवकाळातलं देऊळ, सगळं काळ्या दगडाचं. म्हणजे तिथला उदुंबरही दगडाचा. सुतारमामांच्या घराजवळच्या देवळात उंबर दगडाचं, आमच्या वाड्यात सागाचं. लाकूड बदललं, जातच बदलली, नाव मात्र हलायला तयार नाही. दगडी असो की सागाचा, कोणाला त्यात खोटं वाटलं नाही.

आता एक आडकाठी. पाली भाषेत उंबरठ्याला ‘उम्मार’ म्हणतात आणि झाडाला वेगळं, ‘उदुंबर’च. त्यावरून असंही म्हणता येईल की हे मुळात दोन निरनिराळे शब्द होते आणि कानाला जवळ म्हणून पुढे एकमेकांत मिसळले. गुजरातीतला ‘उंबरो’ तर आपल्या उंबऱ्याचा सख्खा भाऊ. मला व्यक्तिशः मिसळले असले तरी चालतं. दोन शेजाऱ्यांची पोरं इतकी वर्षं एका अंगणात वाढली तर त्यांना भावंडंच म्हणायचं, जन्मदाखले कशाला मागायचे?

‘उंबरठ्या’तला ‘ठा’ हा बहुधा ‘स्थ’चा, राहण्याचा. आमच्या जिल्ह्यात त्याचा पुरावा एसटीच्या पाटीवर मिळतो. सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीकडे, उंबरठाण नावाचं गाव आहे. लहानपणी जुन्या सीबीएस बसस्थानकावर आम्ही त्र्यंबकच्या गाडीची वाट बघत असताना शेजारी ‘उंबरठाण’ लिहिलेली गाडी लागलेली दिसली, आणि मला खरंच वाटलं की ही गाडी प्रत्येकाला त्याच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडते. भाऊ आजही त्यावरून चिडवतो. ठाण म्हणजे स्थान. उंबराचं ठिकाण. जिल्ह्याच्या नकाशावर अशी झाडंच झाडं आहेत. पिंपळगाव, वडनेर, पळसे, चिंचखेड, करंजवण, बेलगाव, मोहाडी, निफाडकडचं उंबरखेड. झाडं किती उरलीत ते विचारू नये. पंचवटीत निदान सीतागुंफेजवळ पाच वड दाखवायला आहेत.

आणि गंमत म्हणजे ह्या गावांची मोजणी कशात होते? उंबऱ्यांतच. ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हणजे दोनशे घरांचं. माणसं मोजायची तर डोकी मोजतो, गुरं मोजायची तर शेपट्या, चूल मोजली तर कुटुंब वेगळं झालेलं कळतं. पण घर मोजायचं तर भिंत नाही, छप्पर नाही, उंबरा. जिथे बाहेर संपून आत सुरू होतं ती जागा.

झाडाकडे वळते, कारण झाडाने मला दारापेक्षा जास्त दिवस अडकवून ठेवलं.

मराठीत ह्या एका झाडाला दोन नावं आहेत आणि ती आपण कधीही चुकून अदलाबदल करत नाही. ओढ्याकाठी वाकडंतिकडं वाढलेलं, बुंध्यावर फळांचे घोस लगडलेलं, खाली सडा आणि माश्या, ते उंबर. त्याच झाडाला पार बांधला, खाली पादुका ठेवल्या, गुरुवारी दिवा लागू लागला की ते औदुंबर. व्याकरणाच्या तासाला बाई सांगायच्या, ‘उ’ची वृद्धी ‘औ’. इथे पार बांधला की वृद्धी होते. संस्कृतात खरं तर औदुंबर म्हणजे ‘उदुंबराचं’, उदुंबराच्या लाकडाची केलेली वस्तू. सोमयागात सदस नावाच्या मंडपात उंबराचा एक खांब रोवत, तो ‘औदुंबरी’. यजमानाच्या उंचीचा असे तो, आणि उद्गाता त्याला हात लावून साम गाई. वस्तूचं नाव आपण उलटं झाडाला दिलं. लोणच्याला कैरी न म्हणता कैरीला लोणचं म्हणावं, तसं.

अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, एका ओळीत ह्याची चार नावं आहेत: उदुंबर, जंतुफल, यज्ञांग, हेमदुग्ध. किती प्रामाणिक माणूस! यज्ञाचं अंग म्हणाला, सोन्याचं दूध म्हणाला, आणि दोन्हीच्या आधी, काहीही न लपवता, ‘ज्याच्या फळात किडे असतात ते’ असंही म्हणून टाकलं.

किड्यांबद्दल आमच्या घरात दोन पक्ष होते. आजोबांचा पक्ष असा की उंबर फोडून बघूच नये, डोळे मिटून तोंडात टाकावं. आजीचा पक्ष फोडण्याचा. नासर्डीच्या काठी तेव्हा बरीच उंबरं होती. ती पिकलेलं, नारिंगी-तांबडं, बोराहून मोठं फळ घ्यायची, देठाजवळ अंगठ्याने दाबून दोन भाग करायची आणि चटकन हात लांब धरायची. आतून चिलटांएवढी केंबरं भुर्रकन उडायची. मग दोन्ही अर्ध्या वाट्या तळहातावर टकटक आपटायच्या, फुंकर मारायची, उन्हाकडे धरून बघायचं. आत बारीक तंतूंची दाट मखमल, कडेला गुलाबीसर, मध्ये पोकळी. चव अगदी सौम्य, गुळचट, शेवटी किंचित तुरट. दुसऱ्याच्या भानगडी उकरणाऱ्या शेजारणीला ती म्हणायची, ‘उंबर फोडून केंबरं कशाला काढायची?’ स्वतः मात्र प्रत्येक फळ फोडायची.

ती मखमल म्हणजेच फुलं. हे मला बँकेत लागल्यावर, सहकाऱ्याच्या मुलीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात कळलं. उंबराला फूल येत नाही, ते मध्यरात्री येतं, ते बघणारा राजा होतो, हे सगळं आजीकडून ऐकलेलं. ‘उंबराचं फूल’ म्हणजे क्वचित दिसणारा माणूस, हे मराठीत सर्वांनाच माहीत. आणि फूल सगळा वेळ तळहातावर होतं. ह्या फुलोऱ्याला मराठी पुस्तकात ‘कुंभासनी’ म्हणतात, कारण तो मडक्यासारखा असतो आणि फुलं मडक्याच्या आतल्या भिंतीला. मडक्याच्या तोंडाशी इवलंसं भोक. त्यातून गांधीलमाशीच्या कुळातली, मुंगीहून लहान मादी आत शिरते. भोक इतकं अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, अंगावर आणलेले पराग बाकीच्यांना देते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी जन्मतात, माद्यांशी संग करतात, भिंत पोखरून त्यांना वाट करून देतात आणि बाहेर न पडताच संपतात. नव्या माद्या परागांनी माखून उडतात, दुसऱ्या झाडाच्या दुसऱ्या मडक्याकडे. म्हणजे आजी ज्यांना ‘केंबरं’ म्हणून हाकलायची त्या वरातीला निघालेल्या माद्या होत्या. ही माशी नसती तर उंबर नसतं आणि उंबर नसतं तर ही माशी नसती. जंतुफल हे नाव निंदा नसून वर्णन आहे, हे अमरसिंहाला ठाऊक असो वा नसो.

ज्याच्या आत शिरताना पंख गळतात त्याचं नाव दाराच्या उंबऱ्याला. मी फार ताणत नाही.

पांडवलेण्यांत, नाशिकच्या बौद्ध लेण्यांत, फिरताना मला हल्ली हेच फूल आठवतं. बौद्ध ग्रंथांत बुद्धाचं जगात येणं किती दुर्मिळ, तर उदुंबराच्या फुलाइतकं, अशी उपमा येते. कनकमुनी बुद्धाचा बोधिवृक्षही उदुंबरच. ज्या भिक्षूंनी त्या डोंगरात पावसाळे काढले त्यांच्या आसपास ओहोळाकाठी हेच झाड असणार, फुलांनी गच्च भरलेलं, आणि खाली हरियालांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फळांचा सडा.

नावाचा अर्थ काय, ह्यावर सगळ्यात जुनी कथा शतपथ ब्राह्मणात आहे. देव आणि असुरांचं भांडण लागलं तेव्हा सगळी झाडं असुरांच्या बाजूला गेली, एकटं उंबर देवांना सोडून गेलं नाही. जिंकल्यावर देवांनी सगळ्या झाडांतला रस काढून ह्यात घातला. म्हणून ते कायम चिकाने ओलं, कायम फळलेलं. त्याच ग्रंथात दुसरीकडे नाव उलगडलंय: ‘याने मला सगळ्या पापातून वर उचललं’, उदभार्षीत्, म्हणून उदुंभर, आणि त्यालाच आडून उदुंबर म्हणतात. आजचे अभ्यासक ह्या व्युत्पत्तीवर शिक्का मारणार नाहीत. काहींच्या मते हा शब्द संस्कृताचा नाहीच, आधीपासून इथे राहणाऱ्या कोणाच्या तरी भाषेतून उचललेला आहे. मला तेच जास्त पटतं. डोंगरातून येऊन पहिल्यांदा हे झाड बघणाऱ्याने विचारलं असणार, ‘ह्याला काय म्हणता?’ आणि तिथल्या माणसाने सांगितलं असणार. मग पुढच्या हजार वर्षांत पंडितांनी त्या नावाला संस्कृत अर्थ शिवून दिला. आपण नाशिककरांनी ह्यावर हसू नये. आपल्याच गावाचं नाव शूर्पणखेच्या नाकावरून की नऊ शिखरांवरून, ह्यावर आपण अजून तावातावाने भांडतो, आणि मधल्या काळात ते गुलशनाबाद होतं हे सोयीने विसरतो.

उंबर आणि उंबरा एकत्र येतात अशी एक गोष्ट मात्र आमच्या घरात दरवर्षी वाचली जायची आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचं माहात्म्य आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला नखांनी फाडलं, त्याच्या पोटातलं विष नखांना लागलं, बोटांची आग होऊ लागली. लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली, नखं त्यात रोवली, तेव्हा दाह शमला. ठीक. पण मारलं कुठे? आत नाही, बाहेर नाही. उंबऱ्यावर. आग लागली उंबऱ्यावर आणि विझली उंबरात. आजोबा सप्ताहाला बसायचे तेव्हा त्यांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी पोथीवरून नजर न उचलता ‘हं’ म्हटलं असतं.

इथवर लिहून मी थांबले होते, कारण सगळं फार गोड होत चाललं होतं. उंबरा गोड नसतो.

बारा वर्षांची असताना मी पहिल्यांदा बाहेर बसले. माजघराच्या उंबऱ्याच्या ह्या बाजूला पडवीत घोंगडी, त्या बाजूला आजी. तीच, जी नासर्डीकाठी माझ्या तळहातावर उंबर फोडून द्यायची. तिने पोळी उंबऱ्यावरून वरच्या वर माझ्या ताटात टाकली, हाताला हात लागू नये म्हणून जरा उंचावरून. पोळी ताटाच्या कडेला आपटून खाली पडली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. तिलाही काय करावं कळेना, कारण उचलून द्यायची तर शिवलं असतं. शेवटी मीच उचलून खाल्ली. चौथ्या दिवशी न्हाऊन आत गेले तेव्हा तिने माझ्या केसांना नेहमीपेक्षा जास्त तेल लावलं. बोललो आम्ही दोघी कधीच नाही त्यावर.

आणि आमच्या वाड्यापासून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडली की चालत वीस मिनिटांवर काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मागणी केवढी होती? तो उंबरा ओलांडू द्या. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं दारांशी, आणि दारं आतून बंद. सत्याग्रह काही वर्षं चालला. माझे पणजोबा तेव्हा वाड्यात राहत होते, धडधाकट होते, रोज रामाला जात होते. ते त्या दिवसांत कुठे उभे होते, हे मी घरात कोणाकडून कधी ऐकलं नाही, आणि न ऐकण्यातच काय ते कळतं. ‘उंबरा झिजला’ असं कौतुकाने म्हणताना कोणाच्या पायांनी झिजला आणि कोणाच्या पायांना झिजवू दिला नाही, तेही त्या खोलगटपणात आहे.

पाण्याला मात्र तो कधी अडवू शकला नाही. नाशकात पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. २००८ साली पाणी त्याच्याही वर गेलं, भांडीबाजार, सराफबाजार बुडाला आणि संध्याकाळी आमच्या बोळात शिरलं. दगडी पायरी गेली. पाणी उंबऱ्याला टेकलं आणि तिथेच तासभर डुचमळत राहिलं. शेजारीपाजारी सामान माडीवर चढवत होते. आईने खण-नारळ काढला, दारात उभी राहून उंबऱ्याच्या आतूनच गंगेची ओटी भरली, तांदूळ पाण्यावर तरंगत गेले. नंतर पाणी उतरलं. उतरायचंच होतं ते, वरचा विसर्ग कमी झाला होता. पण आईचं म्हणणं आजही असं की उंबऱ्याने राखलं. मी सुतारमामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘त्या रातीपुरता तरी उंबराचा पायजे व्हता. पाण्यात त्येच टिकतं.’

उंबरा आता आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आहे. टेम्पोत घालून आणला, दोन माणसांनी उचलून लिफ्टमध्ये तिरका बसवला. मामांना बोलावलं होतं, पुढच्या दाराला बसवता येईल का बघायला. त्यांनी टेप लावली. दार साडेतीन फूट. ‘एक फूट कापावा लागंल. नालेचं टोक जाईल नाही तर दुसरं.’ मी नको म्हटलं. मग त्यांनी दाराच्या कडेवर बोट फिरवलं आणि खाली बघितलं. तिथे ग्रॅनाइटची काळी पट्टी, फरशीच्या पातळीला, केरसुणी न अडखळावी म्हणून. मागच्या दिवाळीला मी त्यावर लक्ष्मीच्या पावलांचं स्टिकर चिकटवलं होतं, त्याचं एक पाऊल निघून गेलंय.

‘ही चौकट न्हाई ताई,’ मामा म्हणाले. ‘चौकट म्हंजे चार लाकडं. ही तीनच हायेत.’

चौ आणि काष्ठ. मी कोशात बघायच्या आधी त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. सबंध इमारतीत अठ्ठावीस फ्लॅट आणि एकालाही चौकट नाही. उंबऱ्यांत मोजायचं तर आमचं गाव शून्य उंबऱ्यांचं.

तेव्हापासून तो चपलांच्या रॅकखाली भिंतीला लागून पडून आहे. यजमान त्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधतात. पहिल्यांदा बसले तेव्हा मी तोंड उघडलं होतं, मग मिटलं.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे, आमच्याकडेच असते. चालताना पाय उचलत नाही, फरफटत नेते. सपाता फरशीवर सर्रर सर्रर वाजतात. फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून दोनदा येते आणि हॉलभर तिच्यामागे फिरत म्हणते, ‘आजी, पाय उचला. उचलून टाका.’ आई ‘हो’ म्हणते आणि ओढते. दिसतंही कमी आता. काल दोघी खाली चक्कर मारून आलो. लिफ्टपासून दारापर्यंत तोच आवाज, सर्रर सर्रर. दाराशी आली, थांबली. डाव्या हाताने तीन लाकडांची चौकट धरली, उजव्या हाताने निऱ्या जरा वर घेतल्या, आणि उजवा पाय चांगला वीतभर उचलून आत ठेवला.